तरुण हृदय का थकतं? एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

हार्ट फेल्युअर हा म्हातारपणाचा आजार, ही समजूत युरोपातल्या आकडेवारीनंच मोडली. स्वीडनमध्ये 1987 ते 2006 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वयस्कांमधलं प्रमाण उतरताना दिसलं. पण 18 ते 34 वयोगटात ते सुमारे 50 टक्क्यांनी आणि 35 ते 44 मध्ये 43 टक्क्यांनी वाढलं होतं. डेन्मार्कमध्येही पन्नाशीच्या आतल्यांची रेघ अशीच उलट्या दिशेला गेली. संशय पहिल्यांदा गेला तो लठ्ठपणावर. सैन्यभरतीच्या वेळी वजन नोंदवलेल्या स्वीडिश मुलांचा पुढे अनेक दशकं माग काढला, तर अठराव्या वर्षी जेमतेम भरलेल्या अंगाच्या मुलांपासूनच धोका चढत गेलेला दिसला.

इथे हार्ट अटॅकशी गल्लत नको. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. फेल्युअरमध्ये हृदयाचा पंपच कमजोर पडतो किंवा ताठर होतो. मग जिना चढताना दम लागतो, पायांवर सूज येते, रात्री उशाला दोन-तीन उश्या घ्याव्या लागतात. अटॅक हे त्यामागचं एक कारण, एकमेव नव्हे.

आपल्याकडे तरुणांचं हृदय निकामी होणं नवीन नाही. संधिवाताच्या तापानं (रुमॅटिक फिव्हर) शाळकरी वयात झडपा खराब व्हायच्या आणि विशी-तिशीतल्या बायका, बऱ्याचदा गरोदरपणातच, धापा टाकत दवाखान्यात यायच्या. घसा दुखण्यापासून सुरू होणारा, दाटीवाटीच्या घरांत फोफावणारा हा आजार. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन तो पुन्हा उलटण्यापासून रोखू शकतं. तरी तो हद्दपार झाला नाही, आणि तेवढ्यात मधुमेह आणि रक्तदाबाची दुसरी लाट आली.

त्या लाटेचा धागा पुण्याशी जुळतो. 1993 मध्ये डॉ. रंजन याज्ञिक यांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं काटकुळी. पण स्नायू कमी पडले तरी त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचं, असं हे अंग मोठेपणी मधुमेह आणि रक्तदाबाला लवकर शरण जातं. लहानपणीची कमतरता आणि नंतरची चंगळ एकाच आयुष्यात भेटली, हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं. 2004 मध्ये हार्ट अटॅकच्या कारणांचा 52 देशांतला इंटरहार्ट अभ्यास आला, त्यात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी 53 व्या वर्षी येत होता. इतरत्र जवळपास 59 व्या. अटॅकमधून वाचलेल्याचं अर्धमुर्धं मेलेलं हृदय पुढे फेल्युअरकडे सरकतं. त्यात तंबाखू आलीच. अतिदारूनं तर रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही हृदयाचा स्नायू फुगून सैल पडतो.

वारशाचाही भाग आहे. काहींच्या हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात डीएनएच्या 25 अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत हा दोष सापडतो आणि फेल्युअरचा धोका वाढवतो, हे 2009 मध्ये पुढे आलं.

कोविडनंतर तरुणांच्या अचानक मृत्यूंची चर्चा लसीभोवती फिरली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा लसीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. कोविडसाठी झालेली भरती, घरातला अचानक मृत्यूचा इतिहास आणि दारूचा अतिरेक यांचा संबंध मात्र दिसला. अर्थात अचानक मृत्यू वेगळा, फेल्युअर वेगळं. कोविडसारख्या विषाणूंनी हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, एवढा धागा दोन्हींत समान.

एक कारण सहसा कुणी मोजत नाही: उपचारांचं यश. जन्मजात हृदयदोष शस्त्रक्रियेनं दुरुस्त झालेली मुलं आता मोठी झाली आहेत. ल्युकेमियातून, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातून, बरी झालेलीही. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं कर्करोग हटवतात, पण त्यांची मात्रा हृदयाच्या स्नायूत साचल्यासारखी नुकसान करत जाते आणि दुखणं अनेक वर्षांनंतर उमटतं. अशा तरुणांना लक्षणं नसली तरी ठरावीक काळानं इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायला सांगतात, ते यासाठीच.