शितावरून गोलकीपरची परीक्षा

मे 2025 मध्ये टोरांटोहून भाच्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून तो थेट म्हणाला, "मामा, हेलेबक मोठ्या सामन्यात कच खातो, हे आता तरी मान्य कर." मी मान्य केलं नाही. वाद तासभर चालला आणि त्यातूनच हा लेख झाला.

कॉनर हेलेबक हा विनिपेग जेट्स या बर्फावरच्या हॉकी संघाचा गोलकीपर. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या लीगमध्ये 2024-25 च्या नियमित हंगामात त्याने अंगावर आलेल्या फटक्यांपैकी 92.5 टक्के अडवले. लीगची सरासरी होती सुमारे 90. सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी त्याला मिळालीच, शिवाय अख्ख्या लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही मिळाली. गोलकीपरला ती क्वचित मिळते. त्याआधी 2015 मध्ये केरी प्राइसला मिळाली होती. पण नियमित हंगामानंतरच्या प्लेऑफमध्ये (एकाच संघाशी सातपर्यंत सामन्यांच्या बाद फेऱ्या) पहिल्याच फेरीत, प्रतिस्पर्धी सेंट लुइसच्या मैदानावर झालेल्या तिन्ही सामन्यांत हेलेबकला अर्ध्यातून बाहेर बसवावं लागलं. प्लेऑफमधली त्याची टक्केवारी 86.6. विनिपेग ती फेरी कसंबसं जिंकलं आणि पुढच्या फेरीत डॅलसकडून हरलं.

आपल्या हॉकीशी थोडी तुलना केली तर या खेळाची कल्पना येईल. गवतावरच्या हॉकीतला गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच असतो. बर्फावरचा 1.83 मीटर रुंद आणि 1.22 मीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींनी कमी. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. वजन 160 ग्रॅमच्या आसपास. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. एका सामन्यात गोलकीपरवर असे तीसेक फटके येतात आणि त्यातले दोन-तीन आत जातात.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बरोबरही ठरते. पातेल्यातल्या सगळ्या शितांना तेच पाणी, तीच आच आणि तेवढाच वेळ मिळालेला असतो. एक शीत दुसऱ्यापेक्षा फारसं वेगळं नसतं, म्हणून एक दाबून बघितलं की पुरतं. गोलकीपरच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात होणारा चढउतार प्रचंड, आणि दोन गोलकीपरांमधला खरा फरक इवलासा. इथे शीत दाबून काहीच कळत नाही.

पटत नसेल तर सापशिडीचे दोन फासे घ्या. दोन्ही एकदम टाका. बेरीज चार आली तर गोल, नाहीतर अडवला. दोन फाशांची बेरीज चार येण्याची शक्यता 36 त 3, म्हणजे बारात एक. त्यामुळे हा फाशांचा गोलकीपर 91.7 टक्के फटके अडवतो. एनएचएलची सरासरी 2015-16 च्या सुमारास जवळपास एवढीच होती. या गोलकीपरला मन नाही, फॉर्म नाही, थकवा नाही, घरची काळजी नाही. त्याचं कौशल्य कायम तेवढंच आहे, कारण ते फाशांच्या कडांमध्ये कोरलेलं आहे.

मी आणि मुलीने स्टीलच्या ताटात फासे टाकायला घेतले. तीस वेळा टाकले की एक सामना. खणखणाट इतका झाला की शेवटी ताटात टॉवेल अंथरावा लागला. पाच सामन्यांत गोल झाले 2, 0, 3, 5 आणि 1. चौथ्या सामन्यानंतर मुलगी म्हणाली, "बाबा, याला काढा, दुसरा घ्या." हाच गोलकीपर दोन सामन्यांआधी तिचा हिरो होता! तेच फासे, तेच ताट, तोच हात.

आता हिशेब. एका सामन्यात शून्य गोल होण्याची शक्यता म्हणजे 11/12 ही संख्या स्वतःशीच तीस वेळा गुणायची. उत्तर येतं सुमारे 7 टक्के. म्हणजे चौदाएक सामन्यांतून एकदा हा निर्जीव गोलकीपर एकही गोल होऊ देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर भरभरून लिहून येईल. पाच किंवा जास्त गोल होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास.

पूर्ण हंगाम घेतला तर? साठ सामने, म्हणजे 1800 फटके. अपेक्षित गोल 150. चढउताराचं माप काढायला फटक्यांची संख्या, गोल होण्याची शक्यता आणि न होण्याची शक्यता यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचं. 1800 × 1/12 × 11/12 = 137.5, त्याचं वर्गमूळ सुमारे 11.7. याला प्रमाण विचलन म्हणतात. शंभरातल्या पंचाण्णव हंगामांत गोलांची संख्या अपेक्षेच्या दोन्ही बाजूंना अशा दोन मापांच्या आत राहते, म्हणजे 127 ते 173. टक्केवारीत सांगायचं तर 92.9 ते 90.4. एका टोकाचा हंगाम व्हेझिना ट्रॉफीच्या तोडीचा, दुसऱ्या टोकाचा नोकरी घालवणारा. आणि कौशल्य दोन्हीकडे अगदी तंतोतंत तेच.

या प्रकाराने मला वर्षानुवर्षं झपाटलेलं आहे, म्हणून एक पाऊल पुढे जातो. समजा, एक गोलकीपर दुसऱ्यापेक्षा खरोखर एका टक्क्याने सरस आहे. 1800 फटक्यांवर हा फरक 18 गोलांचा, म्हणजे ढोबळ हिशेबाने तीन सामने जास्त जिंकून देणारा. प्लेऑफमध्ये जाणं किंवा घरी बसणं एवढ्यावर ठरू शकतं. पण दोघांच्या चढउतारांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतलं की फरकातला चढउतार येतो जवळपास 17 गोलांचा. फरक 18 आणि गोंगाट 17! म्हणून सात हंगामांतून साधारण एकदा कमी प्रतीचा गोलकीपर कागदावर सरस दिसतो. तीन हंगामांची बेरीज घेतली तरी शंभरात तीन वेळा आपण फसतो. तीन वर्षं थांबायला कुठल्या संघाला सवड असते?

मग करायचं काय? संख्याशास्त्राचा इलाज साधा आहे. प्रत्येकाच्या खात्यात आधीच काही सरासरी फटके टाकून ठेवायचे, समजा 2000. एखाद्या नवख्याने 500 फटक्यांपैकी 93 टक्के अडवले, म्हणजे 35 गोल झाले. लीगची सरासरी 91 धरली तर 2000 फटक्यांचे 180 गोल. एकूण 2500 फटके, 215 गोल, टक्केवारी 91.4. एवढंच त्याच्याबद्दल आज खात्रीने बोलता येतं. फटके वाढतील तशी ही भर निष्प्रभ होत जाते आणि माणसाचा स्वतःचा आकडा वर येतो. 2000 ऐवजी थोडा वेगळा आकडा घेता येईल, पण शून्य घेणं ही चूकच, आणि बहुतेक चर्चा शून्य घेऊनच होतात.

दोन वाईट सामन्यांनंतर तिसरा बहुधा बरा जातो, कारण वाईट टोकाकडून सरासरीकडे येणं हेच जास्त संभवतं. पण मधल्या काळात कोणी अंगारा लावलेला असतो, कोणी अंगठी बदललेली असते, आणि श्रेय तिकडे जातं. प्लेऑफ संपेपर्यंत दाढी न करण्याची प्रथा एनएचएलमध्येही आहे, आणि पॅट्रिक रॉयसारखा थोर गोलकीपर गोलच्या खांबांशी बोलायचा. खेळाडूला त्याने धीर येत असेल, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टीव्हीवर बसून 'त्याची साडेसाती सुरू आहे' असं सांगणं म्हणजे फाशांना ग्रह लावणं आहे.

एवढं करूनही टक्केवारीत एक मोठी खोट उरते. ती सगळे फटके सारखे धरते. आक्रमणाच्या विभागाची हद्द दाखवणारी निळी रेषा गोलपासून 64 फुटांवर, म्हणजे साडेएकोणीस मीटरवर असते. तिथून ताशी 150 किलोमीटर वेगाने मारलेला पक गोलपर्यंत यायला जवळपास अर्धा सेकंद घेतो. मध्ये कोणी नसेल तर चांगला गोलकीपर तो बघून अडवतो. सहा मीटरवरून ताशी 130 ने मारला तर लागतात 0.17 सेकंद. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला 0.2 सेकंदाच्या आसपास लागतात. तिथे बघून अडवणं शक्यच नाही. फटका बसण्याआधी योग्य जागी उभं असणं एवढंच हातात असतं. म्हणून गोलकीपर रेषेवरून पुढे येतो. दहा मीटरवरच्या खेळाडूसमोर तो दीड मीटर पुढे आला, तर झाकायची रुंदी 183 सेंटिमीटरवरून 156 च्या आसपास येते. साधी समरूप त्रिकोणांची भूमिती, शाळेतली. पण तेवढ्यात पक आडवा दुसऱ्या बाजूला पास झाला, तर पुढे आलेल्याला तेवढंच जास्त अंतर घसरत जावं लागतं, आणि गोल उघडा पडतो.

आजकाल अंतर, कोन, फटक्याचा प्रकार, आधीचा फटका अडवल्यावर उसळून आलेल्या पकवर मारलेला आहे का, असं सगळं बघून प्रत्येक फटक्याला गोल होण्याची शक्यता देतात. त्यांची बेरीज म्हणजे अपेक्षित गोल. त्यातून प्रत्यक्ष झालेले वजा केले की गोलकीपरने किती वाचवले ते कळतं. हे माप टक्केवारीपेक्षा नक्कीच न्याय्य आहे. मात्र सर्वांना उपलब्ध असलेल्या नोंदींतून समोर कोण आड उभं होतं आणि पास कुठून आला हे बहुधा कळत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण फटका कठीण होतो तो त्यामुळेच.

आणि इथेच संघ येतो. सोपे फटके येणार की कठीण, हे गोलकीपर ठरवत नाही, पुढचे पाच जण ठरवतात. बफेलोचे गोलकीपर-प्रशिक्षक जिम कोर्सी यांनी गोलकीपरवर पडणारा भार मोजण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचे सगळे फटके मोजायला सुरुवात केली: अडवलेले, चुकलेले, मध्येच कोणाला लागलेले. त्यांचंच नाव लागलेली 'कोर्सी' ही संख्या पुढे अख्ख्या संघाचा दबदबा मोजायला वापरली जाऊ लागली.

पैशांचा प्रश्न यातूनच येतो, कारण एनएचएलमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. फ्लोरिडा पँथर्सने 2019 मध्ये सर्गेई बॉब्रोव्स्कीला सात वर्षांसाठी सात कोटी डॉलर दिले. वर्षाला एक कोटी, म्हणजे त्या वर्षीच्या 8.15 कोटींच्या मर्यादेतला आठवा हिस्सा एका माणसावर. पहिल्या हंगामात त्याने अडवले 90 टक्के, आणि टीकेचा भडिमार झाला. पुढे संघाने गुस्ताव फोर्सलिंगसारखा बचावपटू दुसऱ्या संघाने सोडून दिल्यावर जवळजवळ फुकटात उचलला, बार्कोव्हसारखा बचाव करणारा आघाडीचा खेळाडू आधीच होता. 2024 च्या अंतिम फेरीत बॉब्रोव्स्कीने पहिल्या सामन्यात 32 फटके अडवून एकही गोल होऊ दिला नाही. चौथ्या सामन्यात 16 फटक्यांत 5 गोल खाऊन तो बाहेर बसला. सातवा सामना 2-1 ने जिंकून स्टॅनले कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक, उचलला, आणि 2025 मध्ये पुन्हा. 2024 च्या त्या पंधराएक दिवसांत तो देव, दानव आणि पुन्हा देव झाला.

त्याआधी 2023 मध्ये व्हेगासने हंगामभरात पाच गोलकीपर खेळवले आणि एडिन हिलला घेऊन कप जिंकला. बाकी संघ भक्कम होता. माझं मत या बाजूला झुकतं: आधी बचाव बांधा, गोलकीपरवर दीर्घ करार सगळ्यांत शेवटी करा. न्यूयॉर्क आयलंडर्सने 2000 च्या निवडीत (दरवर्षी संघ पाळीपाळीने नवोदित खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टमध्ये) रिक डिपिएत्रो या गोलकीपरला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि 2006 मध्ये पंधरा वर्षांचा करार दिला. दुखापतींनी तो खचला, आणि 2013 मध्ये करार मोडताना ठरलेले हप्ते 2029 पर्यंत चालणार आहेत. त्याच 2000 च्या निवडीत 205 व्या क्रमांकावर घेतलेला हेन्रिक लुंडक्विस्ट 459 सामने जिंकून निवृत्त झाला. हेलेबक स्वतः त्याच्या वर्षीच्या निवडीत 130 वा होता. अठराव्या वर्षी गोलकीपर ओळखता येत नाही, कारण तोवर त्याच्या खात्यात पुरेसे फटकेच नसतात.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे. हेलेबकचा नियमित हंगाम सुमारे 1650 फटक्यांचा, प्लेऑफ तीनशेच्या आतबाहेर. दोन्ही एकत्र केले तर येतात साडेएक्क्याण्णव टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लीगच्या सरासरीच्या चांगलंच वर. पण प्रामाणिकपणे सांगायला हवं: 92.5 वरून 86.6 एवढी घसरण तीनशे फटक्यांत नुसत्या फाशांनी सहसा होत नाही. भाच्याने आठवण करून दिली की 2023 आणि 2024 च्या प्लेऑफमध्येही तो नव्वदीच्या खालीच होता. मी त्याला 2018 ची आठवण दिली. तेव्हा तो 17 सामने खेळला आणि 92 च्या वर राहिला. शिवाय प्लेऑफमध्ये समोर निवडक संघच असतात, तिथे फटके कठीणच येणार.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून सेंट लुइसमधल्या त्या तीन सामन्यांतला प्रत्येक गोल पुन्हा बघायला घेतला आहे. भाच्याने वहीत तीन रकाने आखलेत: पक स्वच्छ दिसत होता, समोर कोणी आड उभं होतं, कोणाच्या तरी स्टिकला लागून वळला. प्रत्येक गोल चार-पाचदा मागे नेऊन बघावा लागतो. आडवा पास झाला होता का, यासाठी चौथा रकाना हवा, असं काल तोच म्हणाला.