'नार्विक' क्लासची जहाजं नार्विकला लढलीच नव्हती

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन 'नार्विक क्लास' विनाशिका नॉर्वेतल्या नार्विक बंदराच्या लढाईत लढल्या म्हणून त्यांना ते नाव मिळालं, हे कित्येक वर्षं फिरतंय आणि ते चूक आहे. नार्विकच्या दोन लढाया झाल्या १० आणि १३ एप्रिल १९४० ला, त्यात जर्मनीच्या १० विनाशिका नष्ट झाल्या, त्या सगळ्या आधीच्या क्लासच्या. तेव्हा ही जहाजं यार्डातच होती, पहिली झेड २३ नौदलात आली सप्टेंबर १९४० मध्ये! 'नार्विक क्लास' हे नाव मित्रराष्ट्रांकडे रूढ होतं, जर्मनांच्या लेखी ते अधिकृत नाव नव्हतं.

दुसरा गैरसमज तोफांचा. १५ सेंटीमीटरच्या, म्हणजे हलक्या क्रूझरच्या (विनाशिकेपेक्षा मोठ्या युद्धनौकेच्या) तोफा बसवल्या म्हणून या जहाजांना कोणी हरवू शकत नव्हतं म्हणे. अहो पण गोळा साधारण ४५ किलोचा, तो हाताने भरायचा, तेही डुलणाऱ्या डेकवर, शिवाय पुढचा जोडतोफांचा टरेट (फिरता तोफ-बुरूज) इतका जड की नाक लाटेत घुसायचं आणि सगळं पाण्याने न्हाऊन निघायचं. २८ डिसेंबर १९४३ ला बिस्केच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रात ग्लासगो आणि एंटरप्राइझ या फक्त दोन ब्रिटिश क्रूझर्सनी ११ जर्मन जहाजांशी झुंज घेतली, झेड २७ आणि दोन टॉर्पेडो बोटी बुडवल्या. मला तर यात खलाशांचा दोष वाटत नाही, डिझाइनच चुकलं होतं.

याच क्लासची झेड २६ त्याआधीच मार्च १९४२ मध्ये बॅरेन्ट्स समुद्रात बुडाली होती. झेड २५ युद्धानंतर फ्रान्सकडे गेली, तिथे तिचं नाव 'होश' झालं.