साहित्याचा प्रास्ताविक कोर्स: सहभागाचे गुण, निबंध आणि मुदतवाढीचा अर्ज

कविता कळली नाही म्हणून या कोर्सात नापास झालेलं कुणी क्वचितच भेटतं. गुण जातात ते सहभागाच्या रकान्यात, चुकीच्या फाइलीत आणि मुदत उलटल्यावर केलेल्या विनंतीत. म्हणून इथे भर त्यावरच आहे.

प्रवेशासाठी साहित्य आधी शिकलेलं असावं अशी अट सहसा नसते. काही ठिकाणी लेखनाचा पायाभूत कोर्स झालेला लागतो, तेवढं नोंदणीच्या वेळी पाहून घ्या.

सहभाग

माहितीपत्रकात ‘सक्रिय सहभाग अपेक्षित’ एवढं छापून सगळे मोकळे होतात. सक्रिय म्हणजे काय, ते विद्यार्थ्यानं ओळखायचं! हजेरी लागली की सहभागाचे गुण मिळाले, असं समजणारे इथेच फसतात. हजेरी वर्गात असण्याची असते. सहभागात पाहतात ते असं: नेमून दिलेला भाग वाचून आलात का, पुस्तक समोर आहे का, बोलताना मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवता का, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेता का. ‘कथा छान वाटली’ या वाक्याला फारसं मोल नाही. ‘इतका वेळ “मी” म्हणणारा निवेदक इथे अचानक “आम्ही” का म्हणतो?’ या प्रश्नाला आहे, मग उत्तर येत नसलं तरी चालेल.

चारचौघांत बोलायला जमत नसेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच शिक्षकांना भेटा. लेखी टिपण किंवा तासाबाहेरची चर्चा असा पर्याय बरेच जण देतात. सत्राच्या शेवटी ‘मी लाजाळू आहे’ सांगून मात्र काही हाती लागत नाही. कोणत्या तारखेला काय बोललात, याची एक ओळ वहीत टिपून ठेवा.

निबंध

सर्वांत जास्त परत येणारा निबंध म्हणजे गोष्टीचा सारांश. गोष्ट शिक्षकांना ठाऊक असते. त्यांना तुमचं म्हणणं हवं असतं, ज्याच्याशी कुणी वाद घालू शकेल असं. अवतरण दिलं की त्यातला कोणता शब्द तुमचा मुद्दा सिद्ध करतो, हे पुढच्याच वाक्यात सांगा. कशाला किती गुण ते सांगणारा तक्ता आधी मागून घ्या.

आवृत्तीचा घोळ नेहमीचा. वेगळ्या आवृत्तीतून वाचलं तर पानांचे आकडे जुळत नाहीत. कवितेला ओळ क्रमांक, नाटकाला अंक-प्रवेश दिला की बहुतेक वेळा निभतं. कादंबरीत पानासोबत प्रकरणही लिहा. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव हवंच.

आणि कुणाजवळच नसणारा कागद: कच्चे मसुदे. निबंध तुमचा नाही असा संशय आला, तर बदलांचा इतिहास दाखवणारी फाइल, खुणा केलेलं पुस्तक, जुनी टिपणं हाच पुरावा. यंत्रानं लिहिलेला मजकूर ओळखणारी साधनं चुकतात, पण ते पटवून देण्याचं ओझं तुमच्यावर येतं. साम्य-अहवालातली, म्हणजे तुमचा मजकूर इतर लिखाणाशी किती जुळतो ते दाखवणाऱ्या अहवालातली, टक्केवारी म्हणजे चोरीची टक्केवारी नव्हे. रीतसर दिलेली अवतरणंही त्यात मोजली जाऊ शकतात. मात्र आपलाच जुना निबंध न विचारता पुन्हा दिला, तर तोही बहुतेक ठिकाणी गैरप्रकारच ठरतो.

मुदत आणि मुदतवाढ

‘रविवारी रात्री १२ पर्यंत’ म्हणजे शनिवार संपतानाचे बारा की रविवार संपतानाचे? विचारून घ्या. पोर्टलवर बहुधा ११:५९ ही वेळ असते. चढवलेली फाइल स्वतः उघडून बघा. रिकामी किंवा न उघडणारी फाइल म्हणजे निबंध न दिल्यासारखंच, आणि ‘माझ्याकडे उघडत होती’ हे कुणी ऐकत नाही. पोच जपून ठेवा.

मुदतवाढीचा अर्ज मुदतीआधी करायचा. कोणतं काम, किती दिवस हवेत, आतापर्यंत काय झालंय, एवढं चार ओळींत लिहा. घरची सगळी कहाणी नको. आजारपण असेल तर औषधाची चिठ्ठी सहसा पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम शक्य नव्हतं, हे प्रमाणपत्रावर लागतं. दोन दिवसांच्या तापाला कोण डॉक्टरकडे जातं? पण नियम करणाऱ्यांना हे सांगायचं कुणी! बरं झाल्यावर गेलात, तर न तपासलेल्या दिवसांचं प्रमाणपत्र डॉक्टर सहसा देत नाहीत. स्वतःचं लेखी निवेदन चालतं का, ते सत्राच्या सुरुवातीलाच विचारा.

काम राहिलं म्हणून निकालात गुणांऐवजी मिळणारा ‘अपूर्ण’ हा शेरा म्हणजे दुसरी संधी, असं समजू नका. तो साधारणपणे बहुतांश काम झालेल्यालाच मिळतो. त्यालाही वेगळी मुदत असते आणि ती चुकली की बऱ्याच ठिकाणी तो आपोआप ‘नापास’ होतो.

निकालावर हरकत घ्यायची असेल तर दिवस सहसा निकाल लागल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही तो पाहिल्यापासून नाही. सहभागाच्या गुणांवर हरकत असेल, तर ती वहीतली टिपणं अर्जाला जोडा.