मायक्रोप्रोसेसर-मायक्रोकंट्रोलर (इंजिनिअरिंगचा विषय)

मायक्रोप्रोसेसर-मायक्रोकंट्रोलर, पोरांच्या भाषेत नुसतं 'मायक्रो' किंवा 'एमपीएमसी', हा इलेक्ट्रॉनिक्स, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन), इन्स्ट्रुमेंटेशन आणि कॉम्प्युटरच्या डिग्री-डिप्लोमाला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येणारा विषय. युनिव्हर्सिटी बदलली, सिलॅबसचा पॅटर्न बदलला की नाव बदलतं, चिपही बदलते (कॉम्प्युटरवाल्यांना कुठे ८०८६, कुठे ८०३८६, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ८०८५, ८०५१, पिक किंवा आर्म), पण आतला मामला तोच राहतो: एका चिपला काय करायचं ते तिच्या भाषेत सांगायचं, तिच्या पिनांना एलईडी, बटण, डिस्प्ले, मोटर जोडायची आणि आपण सांगितलं ते खरंच होतंय का ते बघायचं. होत नाही. पहिल्यांदा कधीच होत नाही, आणि का होत नाही ते शोधण्यातच अर्धा विषय शिकून होतो.

नावातल्या दोन शब्दांत फरक काय, हा ओरलचा ठरलेला पहिला प्रश्न. मायक्रोप्रोसेसर म्हणजे फक्त डोकं. मेमरी, पोर्ट (बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिनांचा गट), टायमर सगळं बाहेरून जोडायचं. मायक्रोकंट्रोलरमध्ये हे सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं असतं, म्हणून तो वॉशिंग मशीन, वीजमीटर, रिमोट, गाडी असल्या वस्तूंच्या पोटात बसतो आणि अशा सगळ्या मांडणीला एम्बेडेड सिस्टीम म्हणतात. इंटेलची ४००४ ही १९७१ची चिप बाजारात विकत मिळणारा पहिला मायक्रोप्रोसेसर धरतात, ती मुळात बिझीकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनली होती आणि तिच्यात साधारण २३०० ट्रान्झिस्टर होते. पुढे ८००८, ८०८०, आणि १९७६ला ८०८५. यातला शेवटचा ५ म्हणजे एकाच ५ व्होल्टच्या सप्लायवर चालणारी, कारण आधीच्या ८०८०ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे.

लॅबमधला कीट

८०८५ शिकवतात ते कीटवर. एक बोर्ड, त्यावर हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा आकड्यांचा) कीपॅड आणि सेव्हन सेगमेंटचे सहा आकडे, चार ॲड्रेसचे आणि दोन डेटाचे. कॉम्प्युटर नाही, स्क्रीन नाही. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, मग तक्ता बघून प्रत्येक इन्स्ट्रक्शनचा ओपकोड (चिपला कळणारा तिचा आकडा) हाताने शोधायचा: एमव्हीआय ए (ए या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या घरात आकडा टाक) म्हणजे ३ई, एसटीए (ए मधलं मेमरीत साठव) म्हणजे ३२, शेवटी हॉल्ट म्हणजे ७६. हे आकडे एकेक करून कीपॅडवर बडवायचे, नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट, आणि गो. यात गंमत अशी की १६ बिटचा ॲड्रेस उलटा टाकावा लागतो, खालचा बाइट आधी आणि वरचा नंतर, म्हणजे २०५० मध्ये साठवायचं तर ३२, ५०, २० असं, आणि दर बॅचमध्ये दोन-तीन ग्रुप तरी ३२, २०, ५० टाकून उत्तर कुठे गेलं ते शोधत बसतात. मध्येच एखादी इन्स्ट्रक्शन राहिली तर खालचं सगळं एकेक घर सरकवा आणि सगळे जंपचे (कुठे उडी मारायची ते) ॲड्रेस पुन्हा लिहा. म्हणून हुशार पोरं मध्ये मध्ये दोन-तीन ००, म्हणजे नोप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन), मुद्दाम टाकून ठेवतात, नंतर उपयोगी पडतात. आणि लाइट गेली की संपलं, रॅममधलं सगळं पुसलं जातं.

लोक या कीटवर हसतात, १९७६ची चिप अजून शिकवता म्हणून. मला ते हसणं तितकंसं पटत नाही. ८०८५चीच सीमॉस (कमी वीज खाणारी) आवृत्ती, ८०सी८५, १९९७ला मंगळावर उतरलेल्या सोजर्नर रोव्हरमध्ये होती, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. खरा मुद्दा असा की या चिपमध्ये काही लपत नाही. तिचे डेटाचे आठ आणि ॲड्रेसचे खालचे आठ बिट एकाच आठ पिनांवरून जातात, आधी ॲड्रेस आणि मग डेटा, आणि 'आत्ता जे आहे ते ॲड्रेस आहे' हे सांगायला एएलई नावाचा सिग्नल असतो, तो आला की बाहेरचा ७४३७३ लॅच ॲड्रेस धरून ठेवतो. लॅच म्हणजे दारात उभं राहून पत्ता वहीत उतरवून घेणारा माणूस, पाठोपाठ सामान आलं तरी पत्ता हरवत नाही. टायमिंग डायग्रॅमचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण हे एकदा डोक्यात बसलं की मेमरी ६४ केबीच का हे पाठ करावं लागत नाही, १६ लाइन आहेत म्हणून ६५,५३६ घरं, संपला विषय.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. इथे पहिल्यांदा कळतं की प्रत्येक इन्स्ट्रक्शनला मोजून वेळ लागतो. डीसीआर सी (सी रजिस्टरमधला आकडा एकने कमी कर) ला ४ टी-स्टेट, म्हणजे क्लॉकचे ४ ठोके, जेएनझेडने (शून्य नसेल तर उडी मार) उडी मारली तर १०, नाही मारली तर ७. सी मध्ये एफएफ (म्हणजे २५५) टाकून हा लूप फिरवला तर एकूण ३५७४ टी-स्टेट होतात आणि ३ मेगाहर्ट्झला ते साधारण १.१९ मिलिसेकंद. डोळ्याला दिसेल असं ब्लिंकिंग हवं तर लूपमध्ये लूप घाला. सी किंवा पायथन शिकून आलेल्या पोराला हा धक्काच असतो, तोपर्यंत प्रोग्रॅम 'पटकन' चालतो एवढंच माहीत असतं.

८२५५ पोर्टसाठी, ८२५३ टायमर, ८२५९ इंटरप्ट, ८२५१ सिरियल, ही सगळी बाहेरची मंडळी आणि त्यांचे कंट्रोल वर्ड (कसं चालायचं ते सांगणारे आकडे) पेपरात येतात, बाकी त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ८२५५ला सगळे पोर्ट आउटपुट करायचे तर ८०, एवढं लक्षात राहतं.

८०५१

१९८०ला इंटेलने आणलेला ८०५१ हा या विषयाचा खरा हिरो. ४ केबी रॉम, १२८ बाइट रॅम, ३२ आय-ओ पिन, १६ बिटचे दोन टायमर आणि सिरियल पोर्ट, सगळं ४० पिनांच्या एका चिपमध्ये. इंटेलने ही चिप बनवणं कधीच सोडलं तरी तिचं आर्किटेक्चर इतर कंपन्यांच्या चिपांमधून चालूच राहिलं, आपल्याकडच्या लॅबमध्ये ॲटमेलच्या ८९सी५१ आणि ८९एस५२ मुळे, आणि ॲटमेल २०१६ला मायक्रोचिपने विकत घेतली. सॉफ्टवेअर म्हणजे कायल (प्रोग्रॅम लिहून चिपच्या भाषेत बदलायला), त्याच्या फुकटच्या आवृत्तीत २ केबीपर्यंतचाच कोड चालतो पण पहिल्या वर्षाला तेवढा पुरून उरतो, आणि प्रोटिअस, ज्यात सर्किट स्क्रीनवरच चालवून बघता येतं. प्रोटिअसमध्ये चाललं म्हणजे बोर्डवर चालेल असं मात्र नाही.

या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न: चिपला ठोके देणारा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच का? १२ सारखा सरळ आकडा सोडून हे काय? ८०५१ क्रिस्टलला १२ने भागतो, म्हणजे १२ मेगाहर्ट्झला बरोबर १ मायक्रोसेकंद, हिशोबाला सोपं. पण सिरियल पोर्टसाठी पुढे आणखी ३२ने भाग जातो. ११.०५९२चं केलं तर २८,८०० येतात, त्याला टायमरने ३ने भागलं की नेमके ९६००, हा सिरियलचा नेहमीचा वेग (बॉड), म्हणून टीएच१ या टायमरच्या रजिस्टरमध्ये एफडी टाकतात, म्हणजे उणे ३. १२चं केलं तर ३१,२५० येतात, ३ने भागून १०,४१६, म्हणजे साडेआठ टक्के चूक, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर कचरा अक्षरं येतात. त्याच १२च्या क्रिस्टलवर २४०० बॉड मात्र व्यवस्थित चालतो, कारण १३ने भागलं की जवळपास तेवढंच येतं. एवढा एक भागाकार करून बघितला की क्लॉक, टायमर आणि सिरियल हे तीन चॅप्टर एकदम जुळतात. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी 'एफडी टाका' एवढंच जर्नलमध्ये उतरतं.

टायमरचंही असंच. १२ मेगाहर्ट्झला ५० मिलिसेकंद हवेत म्हणजे ५०,००० मोजायचे, टायमर वर मोजतो आणि ६५,५३६ला उलटतो, म्हणून सुरुवात १५,५३६ पासून, हेक्समध्ये ३सीबी०. हे वीस वेळा केलं की एक सेकंद.

न चालण्याची कारणं

कोड बरोबर असून बोर्ड मेलेला, याची यादी पिढ्यानपिढ्या तीच आहे. ३१ नंबरची ईए पिन (प्रोग्रॅम आतून घ्यायचा की बाहेरून ते ठरवणारी) लोंबकळत ठेवली, ती ५ व्होल्टला जोडली नाही तर आतला प्रोग्रॅम चालेलच याचा भरवसा नाही. पोर्ट ० वर पुल-अप (पिनेला ५ व्होल्टकडे ओढणारे) रेझिस्टर लावले नाहीत, त्या पिना ओपन ड्रेन (स्वतःहून फक्त ०कडे ओढणाऱ्या) असल्यामुळे नुसतं १ लिहून काही होत नाही. एलईडी सोर्स करायला लावला आणि तो मिणमिणतो, कारण ८०५१ची पिन करंट ओढून घेते चांगला पण देते फार थोडा, म्हणून एलईडी सप्लायकडून जोडतात आणि तो ०ला पेटतो, १ला नाही. एलसीडीच्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसतात, म्हणजे पॉवर आहे पण सुरुवातीच्या कमांड पोचल्या नाहीत. काहीच दिसत नाही म्हणजे बहुतेक कॉन्ट्रास्टचा पॉट फिरवायचाय, यावर आमच्या ग्रुपने एक अख्खी दुपार घालवलेली आहे आणि सगळ्या वायरी काढून परत लावल्यात. बटण एकदा दाबलं आणि काउंट चारने वाढला, तर ते बाउन्सिंग, धातूचे पत्रे टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, साधारण २० मिलिसेकंद थांबून परत वाचायचं. हे सगळं पुस्तकात असतंच, पण कळतं ते हात लावल्यावर.

परीक्षेत यातलं फारसं काही विचारत नाहीत. पिन डायग्रॅम, ॲड्रेसिंग मोड, ब्लॉक ट्रान्सफर, चढता क्रम, कंट्रोल वर्ड, झालं. त्यामुळे एलईडी न लावता डिस्टिंक्शन मिळवणारे असतात आणि घरी रोबोट बनवून केटी (विषय राहणं) लागलेलेही असतात.

आता काय

२००५ला इटलीतल्या इव्रेया गावात आर्डुइनो (शिकाऊंसाठीचा सोपा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) सुरू झालं आणि मग बाहेरचं जग बदललं, डिजिटल-राइट लिहा, एलईडी पेटला. पोरं आता हे आधीच करून येतात, मग कीट बघून नाराज होतात. पण आर्डुइनोवरून थेट एसटीएम३२ सारख्या आर्म चिपवर रजिस्टर लिहायला बसवलं की पिन हलत नाही, कारण त्या पोर्टचं क्लॉक आधी चालू करावं लागतं हे कुणी सांगितलेलं नसतं. नव्या सिलॅबसमध्ये आर्म सात किंवा कॉर्टेक्स-एम येतंय, कुठे कुठे रिस्क-फाइव्हही (कुणालाही मोफत वापरता येणारं आर्किटेक्चर). आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा वेगा हे आपल्याकडचे रिस्क-फाइव्ह प्रोसेसर, वेगाचे एरीज नावाचे बोर्डही आहेत. कॉलेजात राहिलेलं भरून काढायला अनेक जण डिग्रीनंतर सी-डॅकचा डीईएसडी (एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा) डिप्लोमा करतात, त्यात लिनक्स ड्रायव्हर आणि रिअल टाइमपर्यंत जातात.

मिनी प्रोजेक्ट मात्र बदलत नाही. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात तापकीर गल्लीतून, आणि विषय लाइन फॉलोअर (रेषेवरून चालणारी गाडी) नाहीतर टाकीतल्या पाण्याची पातळी. टाकीवाल्या प्रोजेक्टमध्ये शेवटच्या दिवशी ठरलेली अडचण येते: पंप बंद होताना रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटला की कंट्रोलर स्वतःच रिसेट होतो आणि डिस्प्लेवर पुन्हा 'वेलकम'. बऱ्याचदा रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावलेला नसतो, म्हणून कॉइल सुटताना बसणारा झटका कंट्रोलरपर्यंत पोचतो. १एन४००७, रुपया-दोन रुपयाला मिळतो.