मद्यपी चालक तपासणी नाका (बडोदे)

रात्री ठरावीक जागी रस्ता अरुंद करून, येणारी वाहने क्रमाने थांबवून, चालक दारू पिऊन गाडी चालवतो आहे का हे पाहण्याची पोलिसांची पद्धत. बोलण्यात तिला नुसते ‘चेकिंग’ म्हणतात. ‘नाकाबंदी’ हा शब्दही चालतो, पण तो व्यापक आहे. पळालेला आरोपी किंवा चोरीची गाडी शोधण्यासाठी रस्ते अडवले तरी ती नाकाबंदीच.

बडोद्यातला नाका वेगळा ठरतो तो गुजरातच्या दारूबंदीमुळे. इंदूरला किंवा पुण्याला नाक्यावर एकच गोष्ट पाहायची असते : हा माणूस आत्ता गाडी चालवायच्या स्थितीत आहे का. बडोद्यात तिच्या पाठोपाठ दुसरी येते : याने दारू प्यायली का, आणि कुठून आणली. या दोन चौकशा दोन वेगळ्या कायद्यांच्या आहेत, त्यांच्या मर्यादा वेगळ्या आणि हेतूही वेगळे. नाका न्याय्य आहे की नाही याबद्दलच्या वादाचे मूळ बहुधा या दोहोंच्या सरमिसळीत सापडते.

कायदा आणि मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे किंवा चालवू पाहणे हा गुन्हा आहे. मूळ कायद्यात ‘कितीही अल्प प्रमाण’ अशी भाषा होती, ३० मि.ग्रॅ.ची रेषा १९९४ च्या दुरुस्तीने आली. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, प्रकरण न्यायालयातच जाते. त्यामुळे ‘इथेच दहा हजार भरा आणि जा’ असे कुणी म्हणाले, तर ती मागणी कायद्यातली नव्हे हे चालकाला माहीत असायला हवे.

दुसरा कायदा गुजरात दारूबंदी अधिनियम, १९४९. हा मुळात मुंबई राज्याचा कायदा. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबईत विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला आणि दारूबंदी तशीच पुढे चालू राहिली. परवान्याशिवाय दारू पिणे हाच यात गुन्हा आहे, मग माणूस गाडीवर असो वा पायी. कलम ६६(२) मात्र पुराव्यासाठी एक रेषा आखते. रक्ततपासणीत अल्कोहोल ०.०५ टक्के, म्हणजे १०० मि.लि.मागे ५० मि.ग्रॅ. किंवा अधिक निघाले, तर ते औषधातून किंवा तत्सम वैध पदार्थातून आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर येतो. त्याखाली तो भार सरकारचाच राहतो.

म्हणून ४० मि.ग्रॅ. निघालेला चालक कलम १८५ खाली सरळ दोषी धरता येतो, पण दारूबंदीच्या गृहीतकात तो बसत नाही. महाराष्ट्रातून गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : तिथला मद्यसेवन परवाना गुजरातेत चालत नाही, इथला परवाना वेगळा घ्यावा लागतो. आणि कोणताही परवाना फक्त पिण्याचा असतो. खिशात परवाना असला तरी स्टेअरिंगवर ३० मि.ग्रॅ.ची रेषा सुटत नाही.

ही रेषा किती जवळ आहे हे हिशेबाने कळते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ६० मि.लि. व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याने पातळी साधारण ४० मि.ग्रॅ.पर्यंत जाऊ शकते. ६५० मि.लि.ची ५ टक्क्यांची बिअर ५० च्या वर नेते, ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ ८० च्या पुढे. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच वजनाला आकडा आणखी चढतो. उतरण्याचा वेग तासाला सरासरी १५ मि.ग्रॅ.; कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वाढत नाही. स्ट्राँग बिअर पिऊन दोन तास झोप काढलेला माणूस ताजातवाना वाटला, तरी रेषेच्या वरच असतो.

नाक्याची मांडणी

नीट लावलेल्या नाक्याची सुरुवात बॅरिकेडच्या बरीच आधी होते. आधी फलक, मग रिफ्लेक्टर लावलेले शंकू, मग झगझगीत उजेड, आणि त्यानंतर रस्ता एका रांगेपुरता निमुळता केलेला. वळणाच्या अगदी पलीकडे किंवा उड्डाणपुलाच्या उताराला बॅरिकेड ठेवणे धोक्याचे; दुचाकीवाला शेवटच्या क्षणी ब्रेक दाबतो, घसरतो, किंवा उलट दिशेने वळतो. अंधारात काठी घेऊन अचानक पुढे येणारा शिपाई स्वतःचा आणि चालकाचा दोघांचाही जीव धोक्यात घालतो. पळणाऱ्याचा पाठलाग करण्यापेक्षा क्रमांक टिपून पुढच्या ठिकाणी कळवणे सुरक्षित असते. तपासायची गाडी वाहत्या रांगेतून बाजूला घेण्याइतकी जागा हवीच, नाहीतर एका चालकापायी पन्नास गाड्या खोळंबतात.

बडोद्यात जागा निवडताना विश्वामित्री उपयोगी पडते. नदी आणि रेल्वेमार्ग शहराचे तुकडे करतात, त्यामुळे काळा घोडा किंवा अकोटा-दांडिया बाजार यांसारख्या पुलांच्या तोंडाशी गल्लीबोळांतून निसटायला वाव कमी असतो. मांडवीच्या चार दरवाज्यांत हाच नाका निरुपयोगी. तिथे प्रत्येक पोळाला, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीला, दुसरी वाट असते. महामार्गाच्या अंगाला गोल्डन चोकडी, कपुराई, दुमाड इथली वाहतूक वेगळी, जड वाहनांची आणि थकलेल्या चालकांची. ३१ डिसेंबर, धुळवड आणि नवरात्र हे दाट तपासणीचे दिवस. नवरात्रात गरबा संपला की मध्यरात्री हजारो दुचाक्या एकाच वेळी रस्त्यावर येतात. त्यांतले बहुतेक तरुण दमलेले असतात, प्यायलेले नसतात. लाल डोळे आणि अडखळती चाल हा त्या रात्री फार कच्चा पुरावा आहे.

फुंक आणि तिच्यातल्या चुका

श्वासतपासणी कलम २०३ खाली होते. तिथले महत्त्वाचे शब्द आहेत ‘संशयास वाजवी कारण’. गणवेशातल्या अधिकाऱ्याला चालकाने कलम १८५ चा गुन्हा केल्याचा वाजवी संशय आला, तरच तो फुंक मागू शकतो. म्हणजे थांबवणे सर्वांना, यंत्र मात्र काहींनाच. दोन वाक्यांचे बोलणे, तोंडाचा वास, जड जीभ, लायसन्स काढताना होणारी धडपड यांतून संशय उभा राहतो. अधिकाऱ्याच्या तोंडावर फुंकायला लावण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यायला हवी. ती दोघांनाही अपमानास्पद आहे, आरोग्याला वाईट आहे आणि तिची नोंद कुठेच राहत नाही.

हातातल्या चांगल्या यंत्रात फ्यूएल सेल असतो. श्वासातले अल्कोहोल त्यावर ऑक्सिडीभूत होते, त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजला जातो आणि २१०० : १ या गुणोत्तराने रक्तातला आकडा काढला जातो. काही यंत्रे रक्तातले प्रमाण दाखवतात, काही श्वासातले, ३० मि.ग्रॅ.ची रेषा श्वासाच्या मापात लिटरला सुमारे ०.१४ मि.ग्रॅ. होते. पडद्यावरचे एकक न वाचता आकडा लिहिला, की अख्खी केस तिथेच डळमळते.

क्रम असा : यंत्राने आधी मोकळ्या हवेत शून्य दाखवले पाहिजे. मग चालकासमोर पाकीट फोडून नवी नळी लावायची. मग एकसंध, खोल फुंक, चार-पाच सेकंद. फुप्फुसाच्या तळातली हवा यावी म्हणून. तुटक फुंकर यंत्र नाकारते, आणि तो नेहमीच चालकाचा हट्ट नसतो. दमेकऱ्याला किंवा म्हाताऱ्या माणसाला खरोखर जमत नाही. निकालाच्या पट्टीवर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, चालकाचे नाव आणि दोघांच्या सह्या हव्यात.

सगळ्यांत सर्रास होणारी चूक घाईची असते. नुकताच घोट घेतला असेल, माउथवॉश वापरला असेल, अल्कोहोलयुक्त खोकल्याचे औषध किंवा होमिओपॅथीचा अर्क घेतला असेल, तर तोंडात उरलेले अल्कोहोल रक्ताच्या कितीतरी पट आकडा दाखवते. पंधरा मिनिटे थांबून, चूळ भरून पुन्हा मोजले की तो आकडा कोसळतो. खरा प्यायलेला असेल तर फारसा हलत नाही. म्हणून चालकाने दुसरी फुंक मागावी, अधिकाऱ्याने ती द्यावी. कलम २०३ तसेही ‘एक किंवा अधिक’ नमुन्यांची मुभा देते, आणि अटक झाल्यावर पोलीस ठाण्यात पुन्हा फुंकण्याची संधी देणे बंधनकारक करते. कॅलिब्रेशनची, म्हणजे माप अचूक आहे का हे ताडून पाहण्याची, मुदत उलटलेले यंत्र ही दुसरी नेहमीची चूक. त्याच्या प्रमाणपत्राची तारीख विचारण्याचा चालकाला पूर्ण अधिकार आहे.

रक्ताचा नमुना

फुंक नाकारली, जमली नाही किंवा रेषेच्या वर गेली, तर अटक आणि वैद्यकीय तपासणी. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून २ तासांत ही तपासणी झाली नाही, तर माणसाला सोडावे लागते. सणाच्या रात्री सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रांग लागली, की ही मुदत हातची जाते. नाका लावतानाच डॉक्टरची सोय पाहिली नसेल, तर दोष नाक्याच्या आखणीचा असतो. नकार देणे सुटकेची वाट नव्हे. न्यायालय तो नकार इतर पुराव्याला पूरक म्हणून धरू शकते.

दारूबंदीच्या प्रकरणात रक्त घेण्याचे नियम १९५९ चे आहेत आणि ते बारकाईने पाळावे लागतात. रक्त किमान ५ मि.लि., कातडी स्पिरिटऐवजी निर्जंतुक पाण्याने पुसलेली, कुपीत रक्त गोठू न देणारे आणि टिकवणारे द्रव्य, वर लाखेचे मोहोर. सवयीने स्पिरिटचा बोळा फिरवला की बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. टिकाऊ द्रव्य नसेल तर उकाड्यात कुपीतल्या रक्तात आंबण्याची क्रिया होऊन अल्कोहोल वाढू शकते. वेळेची नोंदही तितकीच मोलाची : पिऊन झाल्यावर अर्धा ते दीड तास आकडा चढत असतो, नंतर उतरतो. नाक्यावरची फुंक आणि तासाभराने घेतलेले रक्त यांत फरक पडला तर कुणी खोटे बोलले असे होत नाही.

नुसता वास, लडखडती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवर दारूबंदीची शिक्षा टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच मुंबईच्या एका अपघात प्रकरणात सांगितले.

न्याय्यता

निर्दोष माणसाला का थांबवावे, हा आक्षेप जुना आणि खरा आहे. त्याचे उत्तर नाक्याच्या हेतूत शोधावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मिशिगनच्या नाक्यांना मान्यता दिली. ज्या नाक्यावरून वाद झाला तिथे १२६ गाड्या थांबल्या, प्रत्येकी सरासरी २५ सेकंद, आणि अटक झाली दोघांना. न्यायालयाने तोलले ते असे : अडवणूक क्षणाची, धोका जिवाचा. त्याच न्यायालयाने २००० मध्ये इंडियानापोलिसचे अमली पदार्थ शोधणारे नाके मात्र घटनाबाह्य ठरवले, कारण तिथे रस्त्यावरची सुरक्षा हा हेतू नव्हता. सर्वसाधारण गुन्हेशोधासाठी सगळ्यांना अडवले जात होते. ऑस्ट्रेलियाची वाट तिसरी : न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ पासून संशयाविनाही कुणालाही फुंकायला लावता येते.

भारताचा कायदा यांहून वेगळा असला, तरी हेतूची ही कसोटी बडोद्याला नेमकी लागू पडते. कलम १८५ चा नाका जिवांच्या रक्षणासाठी असतो, आणि पकडलेल्यांच्या संख्येवरून त्याचे यश मोजता येत नाही. ‘आज रात्री कुठेतरी चेकिंग असणार’ या धाकाने माणूस रिक्षा करतो, तिथे नाका यशस्वी होतो. म्हणून त्याचा गाजावाजा व्हावा, जागा बदलत राहाव्यात, आणि कोणती गाडी थांबेल हे आधी ठरलेले असावे : प्रत्येक गाडी, किंवा प्रत्येक पाचवी. फक्त दुचाक्या, फक्त तरुण, फक्त ठरावीक वस्तीचे लोक अडवले, की कायदा तोच राहून न्याय जातो.

दारूबंदीचा शोध त्यात शिरला की सगळ्यांत मोठे नुकसान होते ते मागच्या सीटवर. मोटार वाहन कायदा फक्त चालकाची फुंक मागतो. दारूबंदी कायद्यात मागे बसलेला, वास येणारा प्रवासीही आरोपी होऊ शकतो, आणि गाडीत बाटली निघाली तर गाडीही मुद्देमाल म्हणून जमा होते. ‘न प्यायलेल्याने गाडी चालवा’ हा जगभर दिला जाणारा सल्ला इथे अर्धवट पडतो : शुद्धीत असलेला मित्र प्यायलेल्या दोघांना घरी पोचवू लागला, तर त्याच्याच गाडीतून दोघे पकडले जाण्याची भीती. मग तो त्यांना गाडीत घेत नाही आणि ते दोघे आपापल्या दुचाकीवर निघतात. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने चालकाची तपासणी आणि दारूबंदीचा तपास वेगळे ठेवले, तर हा धोका बराच कमी होईल. दारूबंदी योग्य की अयोग्य यावर मत काहीही असो, हे करता येण्यासारखे आहे.

स्त्री चालकांबाबत कायदा स्पष्ट आहे. डॉक्टर पुरुष असेल, तर रक्ताचा नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक अपवादात्मक परिस्थितीतच, महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने करायची. नाके तर रात्रीचेच असतात, म्हणून महिला अधिकारी नसलेला नाका अपुरा.

गाडीचे काय, हा प्रश्न शेवटी उरतो. चालक रेषेच्या वर असेल पण सोबत किंवा फोनवर बोलावून येणारा कुणी शुद्धीतला, लायसन्सधारक माणूस असेल, तर गाडी त्याच्या ताब्यात देणे सोयीचे आणि सुरक्षित. नसेल तर ती ठाण्यात नेऊन पावती द्यावी. लायसन्स जप्त होऊन परिवहन कार्यालयाकडे जाते आणि निलंबनाची कारवाई खटल्याहून वेगळी चालते. त्या जप्तीचीही लेखी पोच लागते. ती न घेता घरी गेलेला चालक नंतर दोन्ही कार्यालयांच्या खेपा घालतो.