नाबलुस

पॅलेस्टाईनच्या पश्चिम किनारा प्रदेशातील, जेरुसलेमच्या उत्तरेस सुमारे ५० किमी.वर असलेले शहर. दक्षिणेला गेरिझिम (८८१ मी.) आणि उत्तरेला एबाल (९४० मी.) असे दोन डोंगर आणि त्यांच्यामधली अरुंद, झऱ्यांची खिंड ही त्याची जागा. पसरायला वाव नसल्याने घरे आता दोन्ही उतारांवर चढलेली दिसतात.

रोमन सम्राट व्हेस्पेशियनने इ.स. ७२ मध्ये येथे ‘फ्लाव्हिया निआपोलिस’ म्हणजे ‘नवे नगर’ वसवले. अरबीत ‘प’ हा उच्चार नाही. म्हणून निआपोलिसचे नाबलुस झाले. इटलीतल्या नेपल्सचे नावही याच शब्दातून आलेले. हे ‘नवे’ नगर आज साडेएकोणीसशे वर्षांचे आहे, पण त्याआधीचे, कनानी या प्राचीन लोकांचे नगर शेखेम जवळच, तेल बलाता या टेकाडाखाली सापडले. ज्यू लोक शहराला अजूनही शेखेमच म्हणतात.

सातव्या शतकात ते अरबांच्या ताब्यात आले. पुढे युरोपीय ख्रिस्ती धर्मयोद्धे (क्रुसेडर), इजिप्तचे मामलुक व तुर्की ऑटोमन अशा सत्ता आल्या आणि गेल्या. मात्र शहराचा स्वभाव कळायचा तर राजांपेक्षा साबणाकडे पाहावे. परिसरातील डोंगरांवर ऑलिव्हच्या बागा. नाबलुसचे व्यापारी शेतकऱ्यांना हंगामाआधीच उचल देत आणि तिच्या बदल्यात तेल घेत. सावकारी, जमीन आणि सत्ता यांची गाठ या व्यवहारात पडली. साबणाला तेल, पाणी आणि क्षार एवढाच ऐवज. क्षारासाठी लागणारी वनस्पतींची राख बदू, म्हणजे वाळवंटातले भटके लोक, जॉर्डन नदीपलीकडून आणत. तळमजल्यावरच्या तांब्याच्या मोठ्या काहिलीत मिश्रण शिजवायचे, वरच्या मजल्याच्या जमिनीवर ओतून थिजवायचे, मग वड्या कापून त्यांवर घराण्याचा शिक्का मारायचा. या वड्या पोकळ, निमुळत्या मनोऱ्यांसारख्या रचून कित्येक महिने वाळवतात. तूकान घराण्याच्या साबणावर दोन चाव्यांचा शिक्का असतो. कवी इब्राहिम तूकान आणि त्यांची बहीण, कवयित्री फदवा तूकान (१९१७–२००३), याच घराण्यातले. एकेकाळी कारखाने डझनांनी होते. आता मोजकेच उरले. ही परंपरा २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

गोडाधोडात नाबलुसचे नाव निघते ते कुनाफासाठी. येथले खारे पांढरे चीज पाण्यात भिजवून त्याचा खारटपणा काढतात, त्यावर रवाळ किंवा शेवयांसारखे पीठ घालून भाजतात आणि वरून साखरेचा पाक ओततात. खारवलेल्या चीजचे पक्वान्न कसे होते, हे वाचून पटत नाही, खाल्ल्यावरच पटते.

११ जुलै १९२७ च्या भूकंपात जुन्या शहराची मोठी हानी झाली. १९४८ नंतर जॉर्डनची, १९६७ पासून इस्रायलची लष्करी सत्ता आली; डिसेंबर १९९५ मध्ये शहराचा कारभार पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे गेला. बंडखोरीमुळे पडलेले ‘जबल अन्-नार’ (आगीचा डोंगर) हे टोपणनाव पुन्हा खरे ठरले ते दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात: एप्रिल २००२ मध्ये इस्रायली सैन्य जुन्या वस्तीत घुसले, तेव्हा माणसांबरोबर काही साबणकारखानेही गेले. पुढची अनेक वर्षे वेशीवरच्या तपासणी नाक्यांनी व्यापाराचा गळा आवळला. पूर्वेला १९५० मध्ये उभारलेली बलाता ही निर्वासितांची दाट वस्ती आहे.

गेरिझिमवर शोमरोनी (समॅरिटन) या ज्यूंशी नाते सांगणाऱ्या छोट्या, प्राचीन पंथाच्या लोकांचे गाव आहे. त्यांच्या लेखी पवित्र स्थान जेरुसलेम नव्हे, हाच डोंगर. वल्हांडण सणाला (पासओव्हर) ते येथे मेंढ्यांचे बळी देतात. जगभरात ते जेमतेम आठ-नऊशे, त्यांतले निम्मे इस्रायलमधील होलोनला राहतात. येथले पूर्वी खाली शहरात असत. १९८७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या इंतिफादाच्या काळात बहुतेक डोंगरावर गेले. प्रार्थना प्राचीन हिब्रूत, घरातले बोलणे नाबलुसच्या अरबीत.