कॉलर चढवली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही

कोल्हापुरात गाडीची हौस जुनी. उद्यमनगरात गाडी जॅकवर चढलीय आणि दोघंतिघं मडगार्डखाली वाकून बघतायत, हे नेहमीचंच. कंपनीचं सस्पेन्शन काढून कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, बसवले की खरी चर्चा रंगते ती मागच्या उंचीवर. त्यात एक समज हमखास असतो: मागची कॉलर, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांची कडी, वर चढवली की स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे ती कडक होते.

होत नाही. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये छापलेला नियम इथं पुरतो: स्प्रिंग जेवढी दबेल, त्या प्रमाणात तिचा उलटा जोर. समजा, मागच्या एका स्प्रिंगवर 3000 न्यूटन भार आहे आणि ती दर मिलिमीटरला 40 न्यूटन पेलते. गाडी चाकांवर उभी राहिली की ती 75 मिलिमीटर दबणार. आता कॉलर 10 मिलिमीटर वर घ्या. भार तोच, म्हणून दबणंही तेवढंच, 75. वाढली ती फक्त गाडीची उंची. वेढे एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असले, तरी उत्तर बदलत नाही.

मग उंची बदलल्यावर गाडी आपटते कशी? दोष बहुतेकदा शॉकअपच्या उरलेल्या प्रवासाचा असतो. मागचं खूप खाली घेतलं की शॉकअप आधीच अर्धाअधिक आत गेलेला असतो. खड्डा आला की बंप रबर, म्हणजे प्रवासाच्या शेवटी धक्का अडवणारा रबरी ठोकळा, लागतं आणि कडकपणा एकदम वाढतो. खूप वर घेतलं तर उलट होतं: स्पीडब्रेकर उतरताना शॉकअप पूर्ण उघडतो आणि खालून टक्क ऐकू येतं. माणूस बिचाऱ्या स्प्रिंगला नावं ठेवतो.

दुसरा घोळ मोजमापाचा. छोट्या हॅचबॅक गाड्यांत बहुधा मागे ट्विस्ट बीम असतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी, पुढच्या टोकाला बिजागरावर हलणारी आणि थोडी पिळणारी चौकट. त्यात स्प्रिंग चाकाच्या रेषेत नसते, थोडी पुढे, बिजागराच्या बाजूला असते. चाक 10 मिलिमीटर हललं तर स्प्रिंग, समजा, 7 मिलिमीटरच हलते. म्हणून कॉलर 10 मिलिमीटर चढवली तर चाकापाशी गाडी साधारण 14 मिलिमीटर उचलते. कडकपणात हे गुणोत्तर दोनदा लागतं, 0.7 गुणिले 0.7, त्यामुळे 40 ची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम 20 ची उरते. मार्केट यार्डातून 30 किलोचे दोन गुळाचे रवे डिकीत टाका: मागचं टोक 15 मिलिमीटर खाली. रिकाम्या गाडीवर देखणी दिसणारी उंची घरची माणसं बसल्यावर टिकत नाही ती म्हणूनच. माझ्या मते उंची नेहमीच्या भारावरच लावावी, फोटोसाठी नव्हे.

माप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावं, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मध्ये येत नाही. गाडी जॅकवरून उतरवल्यावर थोडी मागेपुढे ढकलून मगच टेप लावावा. बीमच्या बुशचे, म्हणजे बिजागरातल्या रबरी सांध्याचे, बोल्ट गाडी चाकांवर असतानाच आवळायचे. हवेत आवळले तर बुशमधलं रबर पिळून राहतं, स्वतःच स्प्रिंगसारखं जोर लावतं आणि गाडी खोटी उंच दिसते.

उंचीचा धागा पार पुढच्या दिव्यांपर्यंत जातो. लो बीमचा झोत साधारण दर 10 मीटरला 10 सेंटिमीटर खाली उतरेल असा लावलेला असतो. पुढच्या-मागच्या चाकांत 2.5 मीटर अंतर असेल, तर मागचं फक्त 25 मिलिमीटर खाली बसल्यावर हा उतार संपतो आणि झोत आडवा होतो. मग रात्री गगनबावड्याच्या रस्त्याला समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपणारच. डॅशबोर्डावर लेव्हलिंगचं, म्हणजे झोत वरखाली करायचं, बटण असेल तर थोडं सावरतं, नाहीतर दिवे पुन्हा लावून घ्यायचे.

ब्रेकचं प्रकरण याहून गंभीर. अनेक जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांड्याने मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. ॲक्सल आणि बॉडीतलं अंतर कमी झालं, की गाडीत माल भरलाय असं त्याला वाटतं आणि तो मागे जास्त दाब सोडतो. खाली घेतलेल्या रिकाम्या गाडीत तो असाच फसतो. जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी शेपूट फिरवते. ईबीडी, म्हणजे ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, असलेल्या नव्या गाड्यांत ही वाटणी चाकांच्या वेगावरून होते. जुन्या गाडीत मात्र कॉलर फिरवली त्याच दिवशी तो दांडाही नव्याने लावून घ्यावा लागतो.